तत्सम सर्व प्रकरणी उचित कार्यवाही

माणसाला नियम माहीत असणं वाईट नाही. ते माहीत आहेत हे चारचौघांना माहीत असणं मात्र फार वाईट. पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कना ही गोष्ट वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळली. खात्यात, राहत्या इमारतीत आणि फुटबॉलच्या मैदानावर त्यांना सगळे नियमराव म्हणत. लोकांना आपल्याबद्दल फार आदर वाटतो म्हणून हे नाव पडलं, असा त्यांचा समज होता आणि बायकोने तो सव्वीस वर्षांत एकदाही दूर केला नव्हता. ती शाळेत गणित शिकवायची. कुठली चूक मुलाला स्वतःहून सापडू द्यावी, हे तिला बरोबर कळत असे.

शहराच्या लीगमध्ये क्लब दहा होते, पण खरे दोनच, निळे आणि पिवळे. बाकीचे आठ या दोघांना अधूनमधून हरवायला कोणीतरी हवं म्हणून खेळत. नियमराव जन्माने कोणाचेच नव्हते, लग्नाने निळे झाले. त्यांचे सासरे निळ्यांच्या संस्थापकांपैकी शेवटचे उरलेले. आयुष्यभर जनावरांचे डॉक्टर म्हणून नोकरी केली आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकुलत्या एका मुलीकडे राहत होते. दर सामन्याला सासरे-जावई तिसऱ्या पायरीवर शेजारी शेजारी बसत. सासरे फारसं बोलत नसत. निळ्यांनी गोल केला की "जावईबापू, बघितलंत?" एवढंच विचारत. नियमरावांना या प्रश्नाचं इतकं अप्रूप होतं की ते कधी कधी गोल न बघता सासऱ्यांच्या तोंडाकडेच बघत बसत.

निळ्यांना चषक मिळून बावीस वर्षं झाली होती. यंदा मात्र तीन सामने बाकी असताना पिवळ्यांचे छत्तीस गुण होते आणि निळ्यांचे चौतीस. सासरे एकदा जेवताना म्हणाले, "एवढं एक बघायला मिळालं की झालं." नियमरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्याच क्षणी त्यांनी ठरवलं की निळ्यांना चषक मिळवून द्यायचा. कसा, ते ठाऊक नव्हतं. लाथ त्यांनी आजवर फक्त खात्यातल्या न उघडणाऱ्या कपाटाला मारली होती.

वाट दाखवली ती तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी. हे गृहस्थ कट्टर पिवळे. रोज सकाळी वर्तमानपत्र घ्यायला दोघे जिन्यात भेटत आणि दहा मिनिटं एकमेकांच्या क्लबची लाज काढून ताजेतवाने होऊन कामाला जात. त्या दिवशी दंतवैद्य जरा जास्तच फुलले होते.

"नियमराव, आमच्या पोरांची तब्येत बघितलीत? सगळ्यांचे तंदुरुस्तीचे दाखले मी स्वतः सही करून दिलेत. एकेकाचा जबडा बघा, दगड फोडेल."

"दाखले तुम्ही दिलेत?"

"मीच. दुसरं कोण देणार?"

नियमराव वर्तमानपत्र तिथेच विसरून वर आले. लीगची अठ्ठेचाळीस पानी नियमावली त्यांच्या उशाशी असे. कलम नऊ त्यांना पाठ होतं, तरी त्यांनी ते चष्मा लावून वाचलं. प्रत्येक खेळाडूस सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचा तंदुरुस्तीचा दाखला आवश्यक, अन्यथा गुणकपात. आता दंतवैद्य हा दातापुरता सक्षम. फुटबॉल दातांनी खेळतात असं नियमावलीत कुठेही म्हटलेलं नव्हतं.

दिवसभर त्यांनी सल्ले घेतले. सल्ला घेणं म्हणजे आपण ठरवलेल्या गोष्टीला 'हो' म्हणणारा माणूस शोधणं. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, लिहा, पण माझं नाव कुठे घेऊ नका. कोपऱ्यावरच्या घड्याळजीने भिंग डोळ्यावरून न काढता सांगितलं, "दुसऱ्याचं घड्याळ उघडायचं असेल तर आधी आपलं बरोबर चाललंय का बघावं." हा माणूस पिवळा असावा असं ठरवून नियमराव पुढे गेले. बायको वह्या तपासत होती. ती म्हणाली, "अहो, दोनच गुणांचा फरक आहे आणि शेवटचा सामना त्यांच्याशीच आहे. खेळू द्या की पोरांना."

"न्यायाचा प्रश्न आहे," नियमराव म्हणाले.

आता इथे नियमरावांच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून घडलं. एकोणतीस वर्षं त्यांनी खात्यात मसुदे लिहिले होते. कुठल्याही मसुद्याचं शेवटचं वाक्य त्यांच्या हातून शिंकेसारखं आपोआप येई: 'तरी सदर व तत्सम सर्व प्रकरणी समान तपासणी होऊन उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती.' एका गल्लीतला नळ गळतो असं लिहिलं तरी खाली हे वाक्य येणारच. त्यामुळे एकदा एका नळासाठी शहरभराचं पाणी दोन दिवस बंद होतं. तरी साहेबांनी त्यांच्या मसुद्यात सर्वसमावेशकता असते असा शेरा दिला होता आणि तो शेरा त्यांनी जपून ठेवला होता. दुसरी पद्धत अशी की प्रत्येक अर्जाच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' लिहून ज्यांचा ज्यांचा संबंध असेल त्या सगळ्यांना प्रती पाठवायच्या. अर्ज सुरेख झाला. वाक्यही आलं आणि दहाही क्लबांना प्रतीही गेल्या.

लीगची कचेरी म्हणजे एका छापखान्याची मागची खोली. छापखान्याचे मालक हेच लीगचे चिटणीस. ते शाईने काळ्या झालेल्या बोटांनी अर्ज लांब धरून म्हणाले, "आपण कोण? खेळाडू, पंच की पदाधिकारी?"

"प्रेक्षक."

"प्रेक्षकाच्या तक्रारीला आमच्या रजिस्टरात रकानाच नाही."

नियमरावांनी त्यांना कलम एकतीस दाखवलं, त्यात 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द होते. चिटणीस म्हणाले, व्यक्तीला हरकत नाही, पण तीन प्रती लागतील. दुसऱ्या दिवशी तीन प्रती नेल्या तेव्हा शिक्का ज्या खणात होता त्याची किल्ली चिटणिसांच्या मेहुण्याकडे होती. तिसऱ्या दिवशी मेहुणा होता, किल्ली होती, शाईची गादी वाळली होती. छापखान्यात शाई मिळेना, यावर नियमरावांना बरंच काही बोलता आलं असतं. चौथ्या दिवशी आवक क्रमांक पडला आणि त्या पावतीकडे बघत ते असे घरी आले की बायकोला वाटलं बढती मिळाली.

आठ दिवसांनी लीगच्या समितीची बैठक झाली. ती सहा तास चालली. समितीने अर्जदाराच्या विनंतीप्रमाणे सदर व तत्सम सर्व प्रकरणी, म्हणजे दहाही क्लबांचे दाखले तपासले. आठ क्लबांचे ठीक निघाले. पिवळ्यांचे दंतवैद्यांचे निघाले. आणि निळ्यांचे, गेली एकतीस वर्षं, एका निवृत्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचे निघाले.

नियमरावांना हे माहीत नव्हतं का? होतं आणि नव्हतं. हंगामाच्या सुरुवातीला निळ्यांची पोरं रांगेने सासऱ्यांसमोर उभी राहतात, सासरे एकेकाच्या पोटरीवरून, गुडघ्यावरून हात फिरवतात, चार पावलं चालायला लावतात, हे त्यांनी दर वर्षी पाहिलं होतं. त्यांना ती माया वाटली होती. त्या मायेचा कागद होतो आणि तो लीगच्या फायलीत जातो, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. जगाच्या फायली उघडणाऱ्या माणसाने घरचं कपाट उघडलेलं नसतं.

समितीने निकाल दिला तो असा. दात हा मनुष्याच्या शरीराचा भाग असल्यामुळे दंतवैद्य हा अंशतः वैद्यकीय अधिकारी ठरतो, सबब पिवळ्यांचे तीन गुण कापण्यात येत आहेत. पशुवैद्याचा मनुष्याशी कोणत्याही अवयवाद्वारे संबंध येत नाही, सबब निळ्यांचे सहा. म्हणजे पिवळे तेहतीस आणि निळे अठ्ठावीस. दोनाचे पाच झाले. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

शहरभर दुसरा विषय उरला नाही. नियमराव दाढी करायला गेले तर तिथे तोंडाला साबण लावलेले चार लोक तावातावाने बोलत होते. एक म्हणत होता, दात तीन गुणांचा तर खूर सहाचा, हा कुठला हिशोब? दुसरा म्हणत होता, पिवळे मुळातच लबाड, त्यांनी मागे मैदानाच्या रेषा आखताना गोलाची चौकट दोन बोटं अरुंद केली होती. तिसरा म्हणाला, ते जाऊ द्या, निळ्यांचा घात त्यांच्याच माणसाने केला. "कोण तो?" असं चौथ्याने विचारलं. न्हाव्याने वस्तरा नियमरावांच्या गळ्यावर ठेवला होता. तो फक्त जरा थांबला. नियमराव अर्धी दाढी ठेवून घरी आले.

लपवायला काही उरलंच नव्हतं. माहितीसाठी पाठवलेली प्रत निळ्यांच्या क्लबात फलकावर चार टाचण्यांनी लावलेली होती आणि तिच्याखाली त्यांची लफ्फेदार सही होती.

सासऱ्यांनी ती प्रत स्वतः जाऊन वाचली. घरी आले, चप्पल काढली, हातपाय धुतले आणि आपल्या खोलीत जाऊन बसले. मैदानावर कोणीतरी त्यांना "बैलांचे डॉक्टर" म्हणून हसलं होतं. आयुष्यभर ते अभिमानाने बैलांचे डॉक्टर होते. त्यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी मैदानावर जाणं सोडलं. रात्री जेवताना ते मुलीकडे बघून म्हणाले, "अर्जदारांना म्हणावं, मीठ इकडे सरकवा."

मीठ नियमरावांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी ते सरकवलं. त्या दिवसापासून घरात जावईबापू हा शब्द बंद झाला. अर्जदारांचं पाणी तापलंय, अर्जदारांची छत्री राहिली, असं सगळं बायकोमार्फत चाले. नियमरावांना खात्यात तीनदा बढती नाकारली होती, पण असं कधी लागलं नव्हतं. चषकाचं आता त्यांना फारसं काही वाटेना. तिसऱ्या पायरीवरची शेजारची जागा मोकळी बघणं त्यांच्याने होईना.

इकडे दोन्ही क्लबांत माणसं बदलायची घाई सुरू झाली. गुण गेले की कोणाला तरी काढावं लागतं. खेळाडू काढता येत नाहीत आणि अध्यक्ष स्वतःला काढत नाहीत, म्हणून प्रशिक्षक जातो. निळ्यांचे प्रशिक्षक शाळेत पीटीचे मास्तर होते. त्यांना संध्याकाळी काढलं. सकाळी एका जुन्या खेळाडूला नेमलं, तो आता विमा विकायचा. त्याने कलम चौदा वाचलं. त्यात असं होतं की सामन्याच्या पत्रकावर संघप्रमुखाची सही हवी, सगळ्या कागदपत्रांना तोच जबाबदार, आणि सुरुवातीच्या शिट्टीआधी सही नसेल तर सामना प्रतिपक्षाला बहाल. धोका कशाला म्हणतात हे विमेवाल्याला ठाऊक होतं. दुपारी त्याने राजीनामा दिला.

मग निळ्यांचे अध्यक्ष स्वतः नियमरावांच्या घरी आले. ते भांड्यांचे व्यापारी होते आणि मोठ्या आवाजात बोलायची त्यांना सवय होती.

"नियमराव, सही करायला कोणी तयार नाही. शहराला नियमांची भीती तुम्ही घातलीत. आता तुम्हीच निस्तरा."

"पण मला खेळातलं काही कळत नाही."

"खेळ पोरं खेळतील. तुम्ही सही करा आणि गप्प बसा."

नियमरावांनी विचार केला. अतिरिक्त कार्यभार त्यांना नवा नव्हता, खात्यात त्यांनी एकदा आठ महिने मीटर विभाग सांभाळला होता आणि मीटर म्हणजे काय हे त्यांना अजूनही नीट माहीत नव्हतं. त्यांनी पत्रकावर 'प्रभारी' असं कंसात लिहून सही केली. दोन दिवसांनी जिन्यात दंतवैद्य भेटले तेव्हा त्यांचं तोंड दात दुखत असल्यासारखं झालं होतं. पिवळ्यांनीही आपला प्रशिक्षक काढला होता आणि ज्याने दाखले दिले त्यानेच आता संघ सांभाळावा असा ठराव केला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता वर्तमानपत्रं उचलली.

प्रभारी झाल्यावर नियमरावांनी हजेरीपट ठेवला. सरावाला उशीर झाल्यास लेखी खुलासा मागवला. गोलकीपर बेकरीत पहाटेपासून कामाला असे. त्याने खुलाशात लिहिलं, 'पाव फुगला नव्हता.' कप्तान वेल्डर होता, तो लिहिण्याच्या भानगडीत पडलाच नाही. त्याने नियमरावांना बाकावर बसवलं आणि सांगितलं, "साहेब, तुम्ही इथून उठू नका, बाकी आम्ही बघतो." या व्यवस्थेत निळ्यांनी पुढचे दोन्ही सामने जिंकले. पिवळे एक जिंकले, एक हरले. निळे चौतीस, पिवळे छत्तीस. एवढी सगळी उठाठेव होऊन अंतर पुन्हा दोनच गुणांचं राहिलं आणि शेवटचा सामना एकमेकांशी. जिंकलं तर चषक निळ्यांचा, बरोबरी झाली तरी पिवळ्यांचा.

बायकोने वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. "अहो, तुम्ही अर्ज केला नसता तर आपण आज चाळीस असतो आणि ते एकोणचाळीस. आपल्याला बरोबरीसुद्धा चालली असती."

"हे तू मला सांगायलाच हवं होतंस का?"

"नाही. पण उत्तर बरोबर येतंय," ती म्हणाली.

आता एक नवीन काळजी निघाली. निकालाच्या धास्तीने सगळ्या क्लबांनी, ज्यांचे दाखले ठीक होते त्यांनीही, माणसांच्या डॉक्टरांकडून नवे दाखले घेतले होते. त्या डॉक्टरांनी दहा क्लबांचे दाखले एका दुपारी, खुर्चीतून न उठता, सह्या करून दिले. त्यातला एक निळ्यांच्या मुख्य गोल करणाऱ्या खेळाडूचा होता. हा शिंपी, दिवसभर पायाने मशीन चालवायचा. दाखल्यात तो ठणठणीत होता. प्रत्यक्षात तो पायऱ्या एकेक करून आणि आडवा होऊन उतरत होता. विचारलं तर म्हणे, काही नाही, पँट घट्ट आहे. शिंप्याने असं म्हणावं याचं नियमरावांना नवल वाटलं.

कप्तान म्हणाला, "तुमच्या घरच्या डॉक्टरकाकांनी नुसता हात लावला असता तरी कळलं असतं. पण ते आता कशाला येतात."

सामन्याच्या दिवशी सकाळी नियमरावांनी सासऱ्यांना अर्ज लिहिला. हसू नका, तो त्यांना येत असलेला एकमेव प्रकार होता. विषय: क्रीडांगणावर उपस्थित राहणेबाबत. संदर्भ: माझा यापूर्वीचा अर्ज. खाली शेवटचं वाक्य येऊ लागलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवला. अर्ज त्यांनी सासऱ्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला. अर्ध्या तासाने तो परत आला. समासात लाल पेन्सिलीने शेरा होता: 'कारण पुरेसे नाही. अर्जदाराने तोंडी निवेदन करावे.'

नियमराव खोलीत गेले. सासरे खिडकीपाशी बसले होते, पाठमोरे. तोंडी निवेदनाचा नियमरावांना सराव नव्हता. ते दारातच उभे राहून बोलले.

"बाबा, चुकलं माझं. मला पिवळ्यांचं नाक कापायचं होतं आणि खाली मान घालायची वेळ तुमच्यावर आली. तुम्हाला चषक बघायला मिळावा म्हणून केलं, पण ते सांगायलासुद्धा आता लाज वाटते. तुम्ही एकतीस वर्षं पोरांच्या गुडघ्यांना हात लावलात आणि मी एक कागद लिहिला. यावर कुठलं कलम मला आठवत नाही." मग त्यांनी कामाचं सांगितलं. "शिंप्याचा गुडघा दुखतोय. तो कबूल करत नाही."

सासरे वळले नाहीत. "कोणता?"

"डावा."

"चढताना की उतरताना?"

"उतरताना."

"सूज बाहेरच्या बाजूला आहे की आतल्या?"

"ते मला कळत नाही."

"ते दिसतंच आहे," सासरे म्हणाले आणि उठले. "माझी चप्पल कुठे आहे?"

मैदान भरलं होतं. सासरे आत आले तेव्हा पिवळ्यांच्या बाजूने कोणीतरी हंबरल्याचा आवाज काढला. सासऱ्यांनी तिकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "घसा सुजलाय त्याचा, काढा द्या." निळ्यांची बाजू हसली ती हसतच राहिली. शिंप्याला बाकावर बसवून त्यांनी डोळे मिटले आणि गुडघ्यावरून हात फिरवला. "पँट घट्ट आहे म्हणतो हा? वीस मिनिटं खेळेल. एकविसावं मिनिट नाही. शेवटी उतरवा."

मग पत्रकांची अदलाबदल झाली. दोन्ही संघप्रमुखांनी एकमेकांचं पत्रक तपासायचं असतं. सामना सुरू व्हायला तीन मिनिटं होती. नियमरावांनी पिवळ्यांचं पत्रक वरपासून वाचायला घेतलं, अकरा नावं, राखीव खेळाडू, क्रमांक. तळाशी संघप्रमुखाच्या सहीची जागा कोरी होती.

त्यांनी पुन्हा बघितलं. कोरीच होती. दंतवैद्य तिकडे एका खेळाडूच्या पोटरीला तेल चोळत होते, त्यांना या जगातलं काही सुचत नव्हतं. कलम चौदा. शिट्टी वाजली की सामना निळ्यांचा, तीन गुण निळ्यांचे, चषक निळ्यांचा. एकही लाथ न मारता. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

कप्तानाने त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि कानात म्हणाला, "साहेब, बोलू नका. तीन मिनिटं फक्त गप्प बसा. तेवढं तुम्हाला जमतं."

नियमरावांच्या आयुष्यातला हा सर्वांत सुंदर कागद होता. असा कागद मिळावा म्हणून माणूस एकोणतीस वर्षं नोकरी करतो. त्यांनी मागे वळून बघितलं. सासरे तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले होते, शेजारची जागा मोकळी होती. सासरे पंचाकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत नव्हते, फक्त कोपऱ्यात पाय मोकळे करणाऱ्या पोरांकडे बघत होते. हा चषक आणून दिला तर ते तो कपाटात ठेवतील, नियमरावांना वाटलं, आणि पुन्हा कपाट उघडणार नाहीत.

ते बाकावरून उठले. कप्तानाने शर्ट धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. मैदान ओलांडून ते पलीकडे गेले आणि खिशातलं स्वतःचं पेन, जे त्यांनी खात्यात साहेबांनासुद्धा कधी दिलं नव्हतं, दंतवैद्यांपुढे धरलं.

"डॉक्टर, इथे सही राहिलीय."

दंतवैद्यांनी पत्रक बघितलं. कलम चौदा तेही एव्हाना शिकले होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. "हे तुम्ही मला का सांगताय?"

"सही करा. दीड मिनिट राहिलंय. आणि हात पुसा, पेनाला तेल लागेल."

परत येताना निळ्यांच्या पायऱ्यांवरून त्यांना जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात घरचा भेदी हा सर्वांत सभ्य शब्द होता. कप्तान तर जमिनीवर बसला. "आपण या माणसाला बांधून ठेवायला हवं होतं," असं तो गोलकीपरला म्हणाला. नियमराव येऊन बाकावर बसले आणि ताठ बसले. तिसऱ्या पायरीकडे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.

सामना कसा झाला ते सांगायला नियमरावांपेक्षा वाईट माणूस मिळणार नाही, कारण पहिली सत्तर मिनिटं ते घड्याळच बघत होते. गोल झाला नाही. बेकरीवाल्याने तीन चेंडू अडवले. सत्तराव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला आणि शिंपी उतरला. एकोणनव्वदाव्या मिनिटापर्यंत तो नुसता लंगडत फिरला. सासऱ्यांच्या हिशोबाने त्याचं एकच मिनिट उरलं होतं. मग कप्तानाने कोपऱ्यातून चेंडू उडवला, चार जणांनी उड्या मारल्या, कोणालाच तो लागला नाही आणि मागे उभ्या असलेल्या शिंप्याच्या डाव्या गुडघ्यावर, त्याच गुडघ्यावर, आपटून तो जाळ्यात गेला. शिंपी ओरडला. ते दुखलं म्हणून की गोल झाला म्हणून, हे त्याला स्वतःलाही अजून सांगता येत नाही.

नियमराव बाकावरून उठले आणि नियमाप्रमाणे जिथे जायला मनाई आहे त्या पांढऱ्या रेषेच्या आत धावत गेले. पंचाने त्यांना ताकीद दिली. आयुष्यातली ही पहिली ताकीद त्यांनी मान झुकवून स्वीकारली. नंतर शिट्टी वाजली आणि बावीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. ज्यांनी मघाशी घरचा भेदी म्हटलं होतं त्यांनीच त्यांना खांद्यावर घेतलं. भांडीवाले अध्यक्ष रडत होते आणि ते अर्थातच मोठ्याने रडत होते. नियमरावांची एक चप्पल त्या गर्दीत गेली ती गेलीच. सदतीस विरुद्ध छत्तीस. चषक कप्तानाच्या हातातून निघाला, पायऱ्या चढत तिसऱ्या पायरीवर गेला आणि सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला गेला. सासऱ्यांनी त्याच्यावरूनसुद्धा आधी हात फिरवून बघितला.

संध्याकाळी दाराची कडी वाजली. दंतवैद्य होते. एका हातात नियमरावांचं पेन, दुसऱ्या हातात कागद.

"क्लबवाले ऐकत नाहीत हो. म्हणतात तक्रार कराच. अनधिकृत पशुवैद्याने मैदानात खेळाडूच्या गुडघ्याला हात लावला म्हणून. मी मसुदा केलाय. तुम्ही एकदा नजर टाकता का? तुमच्याइतकं कोणाला येत नाही."

नियमरावांनी चष्मा लावला. मसुदा वाईट नव्हता. शेवटच्या ओळीवर मात्र ते थांबले. तिथे होतं, 'सदर व तत्सम सर्व प्रकरणी समान तपासणी होऊन.' त्यांनी पेन घेऊन ती ओळ ठळक रेघ मारून खोडली.

"हे वाक्य कधी लिहायचं नाही," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे. फक्त सामन्याआधी तुम्ही कोणाच्या तरी पोटरीला तेल चोळत होतात. तेही चौकशीत निघेल."

दंतवैद्यांनी कागदाची घडी घातली, घडीची आणखी घडी घातली आणि खिशात टाकली. "उद्या सकाळी जिन्यात आहात ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की. तुमच्या गोलकीपरबद्दल बरंच बोलायचंय."

जेवायला तिघे बसले. चषक घरी एका रात्रीपुरता आला होता आणि तो चौथ्या पाटावर ठेवला होता. बायकोने वाढलं. सासऱ्यांनी भाजीचा एक घास घेतला आणि थांबले. बायकोला सवय झाली होती, तिने निरोप पोचवायला मान वर केली. पण सासरे तिच्याकडे बघतच नव्हते.

"जावईबापू," ते म्हणाले, "जरा मीठ द्या."

मीठ आज नियमरावांपासून बरंच लांब होतं. ते उठले, पूर्ण वळसा घालून गेले आणि दोन्ही हातांनी घेऊन आले.